विद्यापीठासाठी थ्रीडी प्रिंटर : ४० लाखांत एक मोठे यंत्र घ्यावे की अनेक छोटी?

कार्यशाळा_प्रमुख

नमस्कार मंडळी,

आमच्या विद्यापीठाच्या यंत्र अभियांत्रिकी विभागाला रॅपिड प्रोटोटायपिंगची, म्हणजे झटपट नमुने करून देणारी, यंत्रे घेण्यासाठी ४० लाख रुपयांची तरतूद मंजूर झाली आहे. ही तरतूद भांडवली शीर्षाखाली आहे. चालवण्याचा खर्च विभागाच्या नेहमीच्या अनुदानातूनच भागवावा लागेल. यंत्रे वापरणार ते मुख्यतः तृतीय आणि अंतिम वर्षाचे विद्यार्थी, काही संशोधक विद्यार्थी आणि शेजारच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातील मंडळी.

तीन प्रकारची कोटेशने हाती आली आहेत आणि सर्व आकडे वस्तू व सेवा कर धरून आहेत. पहिले औद्योगिक दर्जाच्या एका एफडीएम यंत्राचे, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देणाऱ्या यंत्राचे. त्याची किंमत २२ लाख, आणि हमीकाळ संपल्यावर देखभालीचे वर्षाला २ लाख. दुसरे नायलॉनची पावडर लेसरने सांधणाऱ्या यंत्राचे. पावडर चाळण्या-मिसळण्याच्या उपकरणासह ३८ लाख. तिसऱ्यात प्रत्येकी ८० हजारांची दहा बंदिस्त डेस्कटॉप एफडीएम यंत्रे आणि धुण्याच्या व पक्के करण्याच्या साधनांसह एक रेझिन यंत्र (द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करणारे) मिळून १५ लाख.

खरेदी समितीच्या तुलनात्मक तक्त्यात या तिघांना एकाच ओळीत बसवायचे कसे, हा माझा प्रश्न आहे. किंमत कशाची मोजायची : यंत्राची, तासाची, ग्रॅमची की हाती आलेल्या चांगल्या नमुन्याची? ज्यांनी अशी यंत्रे विद्यापीठात प्रत्यक्ष चालवली आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सह्यकडा

आधी एक सांगा. गेल्या वर्षी विद्यार्थ्यांनी बाहेरून कोणते नमुने करून घेतले, त्यांची यादी विभागाकडे आहे का? ती पाहिल्याशिवाय कोणतेही कोटेशन स्वस्त किंवा महाग म्हणता येणार नाही.

हिशेबनीस

सह्यकडा यांचा प्रश्न योग्य आहे. यादी येईपर्यंत मी हिशेबाची पद्धत मांडतो, कारण अशा खरेदीत बहुतेक चुका खरेदीची रक्कम आणि वापराचा खर्च एकमेकांत मिसळल्याने होतात.

२२ लाखांच्या यंत्राचे आयुष्य ५ वर्षे धरा. वर्षाला ४ लाख ४० हजार घसारा आणि २ लाख देखभाल, म्हणजे यंत्र एक थरही न देता वर्षाला ६ लाख ४० हजार रुपये खर्च झाले. ते वर्षात ८०० तास चालले तर तासाला ८०० रुपये पडतात आणि ३,२०० तास चालले तर २०० रुपये. यंत्र तेच आणि किंमतही तीच, तरी तासाचा दर चौपटीने बदलतो. म्हणून समितीने यंत्राच्या किमतीआधी हे विचारावे की आपण ते वर्षात किती तास चालवू शकणार आहोत. परीक्षा, सुट्ट्या आणि प्रकल्पांची शेवटच्या महिन्यातली झुंबड लक्षात घेतली, तर विद्यापीठातले एकच यंत्र वर्षभर सारखे चालत राहील असे गृहीत धरणे फार धाडसाचे ठरेल.

आता ८० हजारांचे डेस्कटॉप यंत्र घ्या. त्याचे आयुष्य मी ३ वर्षेच धरतो. वर्षाला सुमारे २६,७०० घसारा आणि नोझल (वितळलेली तार सोडणारे तोंड), पट्टे, पंखे, बेडचे (ज्यावर वस्तू छापली जाते त्या पाटाचे) पत्रे यांसाठी १० हजार धरले, तर ८०० तासांना तासाचा दर ४६ रुपयांच्या आसपास येतो. दहा यंत्रे मिळून ८,००० तास होतात. त्यांच्यासाठी महिना २५ हजारांवर एक तंत्रसहायक नेमला तरी तासामागे साडेसदतीस रुपये वाढतात, म्हणजे सर्व मिळून ८५ रुपयांच्या आत.

विजेची चिंता अनेक जण विनाकारण करतात. असे यंत्र पीएलए (छापायला सोपे, नेहमीच्या वापरातले प्लास्टिक) छापताना सरासरी १०० ते १५० वॅट घेते, त्यामुळे युनिटला १० रुपये धरले तरी दहा तासांच्या कामाला १० ते १५ रुपयेच लागतात.

वरच्या दरांत कच्चा माल धरलेला नाही. १ किलो पीएलए १,२०० रुपयांना धरले तर १०० ग्रॅमच्या वस्तूत १२० रुपयांचा माल जातो. शंभरातले पंधरा प्रयत्न फसतात असे मानले तर १४१ रुपयांचा. बंद पद्धतीच्या औद्योगिक यंत्रात कंपनीचेच, चिप बसवलेले कार्ट्रिज घालावे लागते आणि तिथे मालाचा दर याच्या कितीतरी पट असतो. कोटेशन मागताना ‘कार्ट्रिजचा पाच वर्षांचा बांधलेला दर द्या’ असे लिहून मागा. जो पुरवठादार तो दर द्यायला तयार नसेल, त्याचे कोटेशन अपूर्ण समजावे.

मापनशास्त्र

हिशेबनीस यांची पद्धत मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. तासाचा दर काढताना दोन्ही यंत्रांच्या एका तासातून सारखीच वस्तू बाहेर पडते असे त्यांनी धरले आहे, आणि तसे घडत नाही.

एबीएस या टणक प्लास्टिकचा २०० मिलिमीटर लांबीचा सपाट भाग साध्या डेस्कटॉप यंत्रावर छापून पाहा. सात-आठ थर होईपर्यंत सर्व ठीक दिसते, मग एक कोपरा बेडपासून नखभर उचलला जातो आणि पुढचा प्रत्येक थर त्या वाकड्या पायावर बसत जातो. एबीएस थंड होताना आकसते, वरचा आणि खालचा थर वेगवेगळ्या वेळी आकसतात आणि भाग वाकतो. औद्योगिक यंत्रात संपूर्ण कक्ष तापवलेला असतो, म्हणून हे टळते. शिवाय आधाराचा माल वेगळ्या नोझलमधून येतो आणि तापवलेल्या अल्कधर्मी द्रावणात विरघळून जातो. आतल्या पोकळ्यांतला आधार चिमट्याने उपटत बसावे लागत नाही.

संशोधक विद्यार्थी एएसटीएम डी ६३८ या मानकानुसार ताणचाचणीचे नमुने छापतात, तेव्हा मार्चमध्ये छापलेला नमुना आणि सप्टेंबरमध्ये छापलेला नमुना सारखे असावे लागतात. दहा वेगवेगळ्या यंत्रांवर, दहा वेगवेगळ्या हातांनी छापलेल्या नमुन्यांतून आलेले निष्कर्ष शोधनिबंधाच्या परीक्षकापुढे टिकत नाहीत. विद्यापीठाचे काम केवळ खोकी आणि दातेरी चाके छापण्याचे नसते. २२ लाखांच्या यंत्राकडे मोजमापाचे साधन म्हणून पाहिले, तर त्याची किंमत अवाजवी वाटत नाही.

कोकणपट्टी

मी रायगड जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी संस्थेत कार्यशाळा सांभाळतो. वर कोणीही पावसाळ्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून लिहितो.

जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवेत इतकी आर्द्रता असते की उघड्या रिळावरचे नायलॉन एका रात्रीत छापण्याजोगे राहत नाही. नोझलशी कान नेला की तडतड ऐकू येते. तारेतल्या पाण्याची वाफ होऊन बारीक फुगे फुटत असतात. वस्तूच्या दोन खांबांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे लोंबतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. टीपीयू या रबरासारख्या प्लास्टिकचे तसेच, आणि पीएलए त्या मानाने सोशिक असले तरी महिनाभर उघडे राहिले की ठिसूळ होऊन नळीतच तुटते.

म्हणून यंत्राच्या किमतीत रिळे सुकवण्याची पेटी, सिलिका जेल घातलेले हवाबंद डबे आणि यूपीएस या तीन गोष्टी धरल्याच पाहिजेत. यूपीएसचे महत्त्व विशेष. चौदा तासांच्या छपाईच्या तेराव्या तासाला वीज गेली, की मालापेक्षा वेळेचे नुकसान मोठे असते. अनेक यंत्रे वीज परतल्यावर पुढे छापू लागतात हे खरे, परंतु तोपर्यंत बेड थंड होऊन वस्तू सुटलेली असते.

हिशेबनीस

मापनशास्त्र यांना : आपला मुद्दा संशोधनापुरता पूर्ण बरोबर आहे. परंतु त्यासाठी दहापैकी दोन यंत्रे केवळ संशोधनाला राखून ठेवता येतात, एकाच बॅचची रिळे घेऊन ठेवता येतात आणि छपाईची मापदंड-फाइल (तापमान, वेग वगैरे) गोठवता येते. तापवलेल्या कक्षाची मध्यम आकाराची यंत्रेही आता २२ लाखांच्या पुष्कळ आत मिळू लागली आहेत. तृतीय वर्षाचे विद्यार्थी जे करतील त्याला एबीएसची गरज सहसा नसते. त्यांची पहिली आकृती चुकते, दुसरी जवळपास येते आणि तिसरी बसते. हे तीन प्रयत्न एका आठवड्यात होणे हेच त्यांचे शिक्षण. एका मोठ्या यंत्रापुढे रांग लागली की प्रत्येकाच्या वाट्याला एकच प्रयत्न येतो.

लेसर_आणि_पावडर

दुसऱ्या कोटेशनच्या बाजूने कोणी बोललेले नाही. मी असे यंत्र चालवतो, म्हणून त्याचे गुण आणि खर्च दोन्ही सांगतो.

गुण असा की या पद्धतीत आधार लागत नाही, कारण भोवतालची न सांधलेली पावडरच वस्तूला आधार देते. बिजागऱ्या, साखळ्या, आतून वळणारे मार्ग एकाच वेळी छापता येतात, आणि नायलॉन १२ ची वस्तू प्रत्यक्ष वापरात टिकते. ही पद्धत मुळात विद्यापीठातच जन्मली. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकार्ड यांनी ती विद्यार्थिदशेत विकसित केली.

आता खर्च. उरलेली पावडर जशीच्या तशी पुन्हा वापरता येत नाही, तिच्यात नवी मिसळावी लागते. हे प्रमाण ३० टक्के नवी आणि ७० टक्के जुनी असे धरू. सुट्या पावडरची घनता ०.४५ आणि सांधलेल्या भागाची साधारण १ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरून एक लिटर जागेचा हिशेब करा. भागांनी त्यातली १० टक्के जागा व्यापली तर १०० ग्रॅमच्या वस्तू मिळतात आणि ४०५ ग्रॅम जुनी पावडर उरते. म्हणजे एवढीच जागा दर वेळी भरायला ५०५ ग्रॅम पावडर लागते आणि तिच्यातली सुमारे १५० ग्रॅम नवी असावी लागते. १०० ग्रॅम वस्तूंसाठी १५० ग्रॅम नवा माल, म्हणजे दीडपट. भागांनी ५ टक्केच जागा व्यापली तर ५० ग्रॅम वस्तूंसाठी १४३ ग्रॅम नवी पावडर जाते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. जास्तीची जुनी पावडर पिंपात साठत राहते.

त्यामुळे या यंत्राचे अर्थकारण कक्ष गच्च भरण्यावर अवलंबून आहे. कारखान्याला ते जमते, कारण त्याच्याकडे कामांची रांग असते. विद्यापीठात एक संशोधक येतो आणि त्याला उद्याच एक लहानसा भाग हवा असतो. तुमच्या विभागाला दर आठवड्याला कक्ष भरता येत नसेल, तर मी स्वतः हे यंत्र वापरत असूनही तुम्हाला ते घेऊ नका असेच सांगेन. कोटेशनमध्ये न दिसणारे आणखी दोन खर्च म्हणजे वातानुकूलित, धूळ आटोक्यात ठेवलेली स्वतंत्र खोली आणि स्फोटक धुळीसाठी प्रमाणित व्हॅक्यूम क्लीनर. बारीक पावडर हवेत उडाली तर ठिणगीने पेट घेऊ शकते, त्यामुळे या बाबतीत काटकसर करू नये.

ओतशाळा

कोल्हापूरहून लिहितो आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ओतशाळांशी आमच्या महाविद्यालयाचे जुने संबंध आहेत, म्हणून उद्योगाच्या बाजूने थोडे.

वाळूच्या साच्यासाठी लागणारा पॅटर्न, म्हणजे वस्तूची प्रतिकृती, पूर्वी लाकडात किंवा ॲल्युमिनियममध्ये होत असे. चार-सहा साचे काढून नमुन्याचे ओतकाम तपासायचे असेल, तर पीएलएचा छापलेला पॅटर्न घासून, पुट्टी लावून, रंगवून पुरेसा होतो. बिडाच्या ओतकामासाठी मीटरला सुमारे १० मिलिमीटर आकुंचन धरतात. तेवढी वाढ संगणकातच देता येते आणि चुकले तर दुसऱ्या दिवशी नवा पॅटर्न तयार असतो. हे काम ८० हजारांच्या यंत्रावर होते. मुंबईच्या आयआयटीत ओतकामाची संगणकीय रचना आणि झटपट नमुने यांची सांगड प्रा. बी. रवी यांनी फार पूर्वी घातली आणि पुढे तिथेच २०१४ मध्ये वैद्यकीय उपकरणांसाठी बेटिक हे केंद्र उभे राहिले. तेथील कामातून हेच दिसते की पुठ्ठा, फोम, साधे छापील नमुने आणि मग महागडी प्रक्रिया असा चढता क्रम ठेवला तर पैसा वाचतो.

पावडरच्या यंत्राबाबत माझे मत असे की पुणे परिसरात नायलॉन आणि धातूची छपाई करून देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. वर्षाला काही मोजके भाग हवे असतील तर ते तिथून करून घ्या. वर हिशेबनीस यांनी जी बैठी रक्कम (यंत्र न चालताही होणारा खर्च) काढून दाखवली, ती या मार्गात शून्य असते.

सागरपार

मी अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या कार्यशाळेत काम करतो. आमच्याकडे विद्यार्थ्यांकडून ग्रॅममागे शुल्क घेतात आणि संशोधन प्रकल्पांना अधिक दर लावतात, त्यातून सुटे भाग आणि रिळे निघतात. मात्र शुल्क ठेवावे की नाही, यावर इथेही एकमत नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २०१२ मध्ये ‘ड्रीमव्हेंडर’ नावाने डेस्कटॉप प्रिंटरांचे खुले केंद्र उघडले, ते विद्यार्थ्यांना मोफत होते. आपली फाइल मेमरी कार्डावर आणायची, घालायची आणि वस्तू घेऊन जायची. विद्यार्थ्याला चुकण्याची भीती राहू नये हा त्यामागचा विचार मला आजही पटतो.

माझी सूचना अशी की पहिले काही ग्रॅम प्रत्येक विद्यार्थ्याला मोफत द्यावेत, त्यापुढे मालाचा दर घ्यावा, आणि बाहेरच्या उद्योगांकडून पूर्ण तासाचा दर घ्यावा.

वापरकर्ता_पाबळ

पुण्याजवळच्या पाबळच्या विज्ञान आश्रमात काही काळ शिकलो आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या आश्रमात २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबांपैकी (संगणकनियंत्रित यंत्रांच्या खुल्या कार्यशाळांपैकी) एक उभी राहिली. तिथली शिकवण अशी की यंत्र ज्याला दुरुस्त करता येते त्याचेच ते असते.

या यंत्रांची किंमत कशी उतरली तेही समितीला सांगावे. एफडीएमचे मूळ पेटंट स्कॉट क्रम्प यांचे होते आणि २००९ मध्ये त्याची मुदत संपली. त्याआधीच २००५ मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातील एड्रियन बोयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू करून यंत्राचे आराखडे सर्वांना खुले केले होते. या दोन्ही गोष्टी जुळून आल्या आणि लाखांतले यंत्र हजारांत आले. आजची बहुतेक डेस्कटॉप यंत्रे त्याच वंशातली आहेत.

दहापैकी दोन यंत्रे तरी सुट्या भागांच्या संचाच्या रूपात घ्यावीत आणि विद्यार्थ्यांकडून जोडून घ्यावीत. ज्यांनी ती जोडली तेच पुढे उरलेल्या आठांची देखभाल करतील आणि वर्षाचा देखभाल करार टळेल.

मापनशास्त्र

वापरकर्ता_पाबळ यांच्या तळमळीचा आदर ठेवून विचारतो : ते विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेल्यावर काय? विद्यार्थ्यांच्या हौसेवर यंत्रशाळा दोन वर्षे चालते. तिसऱ्या वर्षी निम्मी यंत्रे कापड घालून झाकलेली दिसतात. कायम तंत्रसहायकाला पर्याय नाही.

वापरकर्ता_पाबळ

तंत्रसहायक हवाच, याबद्दल दुमत नाही. त्याला यंत्र उघडता यावे एवढेच माझे म्हणणे आहे, आणि बंद पद्धतीच्या यंत्रात नेमके तेच करू देत नाहीत.

औषधशाळा

औषधनिर्माणशास्त्राची प्राध्यापिका म्हणून रेझिनविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. तिसऱ्या कोटेशनमधले रेझिन यंत्र आकाराने लहान असले तरी त्याला खोलीचा एक स्वतंत्र कोपरा, बाहेर हवा टाकणारा पंखा आणि नायट्राइल हातमोजे लागतात. न पक्के झालेले रेझिन त्वचेला वारंवार लागले तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. वस्तू धुण्यासाठी वापरले जाणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल ज्वलनशील आहे आणि काही धुण्यांनंतर ते रेझिनने गढूळ होते. ते मोरीत ओतता येत नाही, घातक कचरा म्हणून त्याची विल्हेवाट लावावी लागते. टाकीच्या तळाची पारदर्शक फिल्मही ठरावीक काळाने बदलावी लागते. हे सर्व धरले की रेझिनच्या लिटरच्या दरापेक्षा नमुन्याचा खरा खर्च बराच वर जातो.

तरीही आमच्यासाठी हे यंत्र आवश्यक आहे. सूक्ष्म वाहिन्या असलेले उपकरण किंवा गोळीच्या साच्याचा गुळगुळीत पृष्ठभाग तारेच्या यंत्रातून मिळत नाही.

माजी_भांडारपाल

निवृत्त आहे, परंतु विद्यापीठाच्या भांडार विभागात बरीच वर्षे काढली आहेत. खरेदीच्या नियमांकडे लक्ष वेधतो.

जुन्या फायलींत संशोधन उपकरणांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर दिसेल, त्यावर विसंबू नका. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्था आणि विद्यापीठांना मिळणारी ती सवलत १८ जुलै २०२२ पासून काढून घेतली गेली. ४० लाखांत कर धरूनच बसवावे लागेल.

दुसरे म्हणजे, निधी केंद्र सरकारचा असेल तर जुलै २०२० चा आदेश लागू होतो. भारताला लागून सीमा असलेल्या देशातील निविदाकाराला सक्षम प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. डेस्कटॉप यंत्रांपैकी बरीच चीनमध्ये तयार होतात, त्यामुळे निविदेत या नोंदणीचे प्रमाणपत्र मागायला विसरू नका. ‘मेक इन इंडिया’ प्राधान्याच्या आदेशानुसार स्थानिक मूल्यवर्धनाची टक्केवारीही मागावी लागेल.

तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. दहा यंत्रांची गरज एकाच वर्षाची असेल, तर ती दोन-दोन करून कोटेशनवर घेण्याचा मोह टाळा. निविदा टाळण्यासाठी मागणीचे तुकडे करणे नियमात बसत नाही आणि लेखापरीक्षणात तो आक्षेप हमखास येतो. विनिर्देशांत कंपनीचे नाव न लिहिता छपाईचा आकार, बेडचे तापमान, बंदिस्त कक्ष, खुल्या (कोणत्याही कंपनीच्या) मालाची सोय असे गुण लिहा.

आणि हो, जडवस्तू नोंदवहीत नोंदलेले यंत्र तीन वर्षांत निकामी झाले तर त्याचे निर्लेखन करावे लागते, म्हणजे ते नोंदवहीतून रीतसर कमी करावे लागते. दहा यंत्रांच्या निर्लेखनाचे कागद कोण करणार हेही आधी ठरवा.

सह्यकडा

यात एक उपयोगी दाखला आठवतो. शाळांत प्रयोगशाळा उभारण्याच्या केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत शाळांना एकूण २० लाख देण्याचे ठरले होते, त्यातले १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख पाच वर्षे चालवण्यासाठी. चालवण्याला उभारणीइतकीच रक्कम लागते हे त्या योजनेने आधीच मान्य केले आहे. विद्यापीठाच्या मंजुरीत हा दुसरा भागच नाही. कार्यशाळा_प्रमुख यांनी कुलसचिवांपुढे हा दाखला ठेवावा.

कार्यशाळा_प्रमुख

सर्वांचे मनापासून आभार. सह्यकडा यांनी मागितलेली यादी विभागातून काढली. गेल्या वर्षी विद्यार्थ्यांनी बाहेर करून घेतलेले बहुतेक भाग पीएलएचे आहेत : विद्युत मंडलांची खोकी, कंस, पंख्यांची पाती, दातेरी चाके. त्याखालोखाल रेझिनचे बारीक नमुने. नायलॉनचे भाग मोजकेच आहेत आणि ते सर्व दोन संशोधन प्रकल्पांचे. लेसर_आणि_पावडर यांचा हिशेब पाहता कक्ष पाच टक्केही भरणार नाही, म्हणून दुसरे कोटेशन मी बाजूला ठेवतो आहे.

आता अडचण वेगळी. तिसरे कोटेशन १५ लाखांचे आणि तरतूद ४० लाखांची. उरलेली रक्कम भांडवली असल्याने ती रिळे, रेझिन किंवा तंत्रसहायकाच्या मानधनावर खर्च करता येत नाही, आणि ३१ मार्चपर्यंत खर्च न केल्यास ती व्यपगत होईल, म्हणजे हातची जाईल. समितीतील काही सदस्य त्यामुळेच मोठ्या यंत्राकडे झुकले आहेत. त्यांना काय उत्तर द्यावे?

मापनशास्त्र

यादी पाहिल्यावर २२ लाखांच्या यंत्राचा आग्रह मी सोडतो, संशोधनाच्या गरजेचा नाही. उरलेल्या रकमेतून तापवलेल्या कक्षाचे, खुला माल चालणारे एक मध्यम यंत्र घ्या, आणि त्यासोबत मोजमापाची साधने घ्या : चांगले डिजिटल उंचीमापक, पृष्ठभाग खरबरीतपणा मोजणारे उपकरण आणि शक्य असल्यास थ्रीडी स्कॅनर. छापलेला भाग किती चुकला हे मोजता आले नाही तर कोणत्याही यंत्राची अचूकता केवळ माहितीपत्रकात राहते. ही सर्व खरेदी भांडवली शीर्षात बसते.

कोकणपट्टी

सुकवण्याच्या पेट्या, यूपीएस, रेझिनच्या खोलीचा पंखा आणि वीजजोडणीही त्यातच बसवा. आमच्याकडे या गोष्टी मागाहून मागितल्या, तेव्हा निधी संपला होता.

माजी_भांडारपाल

समितीला द्यायचे उत्तर निविदेच्या मसुद्यातच लिहा. दोन लिफाफा पद्धत (तांत्रिक आणि व्यावसायिक प्रस्ताव वेगवेगळ्या लिफाफ्यांत) ठेवा आणि व्यावसायिक लिफाफ्यात केवळ यंत्राची किंमत न मागता, पाच वर्षांची सुट्या भागांसह सर्वसमावेशक देखभाल आणि सुरुवातीच्या मालाचा संच धरून एकत्रित दर मागा. न्यूनतम दर या एकत्रित रकमेवर ठरेल असे निविदेत स्पष्ट नमूद करा. मग स्वस्त यंत्र देऊन देखभालीत वसूल करणारा पुरवठादार आपोआप मागे पडतो. यंत्रासोबत एकाच पुरवठा आदेशात येणारा सुरुवातीचा संच भांडवली खर्चात घेता येईल का, याबाबत वित्त व लेखा अधिकाऱ्यांचे लेखी मत निविदा काढण्यापूर्वी घ्या, नंतर नको. साध्या एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) सुटे भाग धरलेले नसतात, त्यामुळे ‘सर्वसमावेशक’ हा शब्द गाळू नका.

बाहेरून करून घ्यायच्या नायलॉनच्या भागांसाठी दोन-तीन संस्थांशी वर्षभराचा दरकरार करा. तो खर्च संशोधन प्रकल्पांच्या आकस्मिक निधीतून जाईल, विभागावर त्याचा भार पडणार नाही.

हिशेबनीस

तंत्रसहायकाचे मानधन मात्र यातल्या कोणत्याही मार्गाने निघत नाही. वर्षाचे ३ लाख रुपये महसुली (चालू खर्चाच्या) शीर्षातून मंजूर झाल्याचे पत्र हाती आल्याशिवाय दहा यंत्रांचा पुरवठा आदेश काढू नका. ते मिळत नसेल तर चारच यंत्रे घ्या. कार्यशाळेतले सध्याचे कर्मचारी तेवढी सांभाळू शकतील.

कार्यशाळा_प्रमुख

मानधनाचा प्रस्ताव आणि निविदेचा मसुदा असे दोन्ही एकत्रच समितीपुढे ठेवतो. विनिर्देशांचा कच्चा मसुदा इथेच टाकतो आहे; मापनशास्त्र आणि औषधशाळा यांनी तो ओळीओळीने तपासावा, विशेषतः तापवलेल्या कक्षाचे किमान तापमान आणि रेझिनच्या खोलीची हवा दर तासाला किती वेळा बदलावी, हे दोन रकाने मी मुद्दाम कोरे ठेवले आहेत.